हृदयातील लोह मोजणारे घड्याळ

थॅलॅसेमिया मेजर झालेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. प्रत्येक पिशवीबरोबर सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते. शरीर मात्र दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम बाहेर टाकते. उरलेले लोह यकृतात व हृदयाच्या स्नायूत साचते आणि पुढे हृदय निकामी होऊ शकते. महाराष्ट्रात सिंधी, लोहाणा अशा काही समाजांत हा आनुवंशिक आजार अधिक आढळतो.

रक्तातील फेरिटिनवरून साठ्याचा अंदाज येतो. परंतु ते आटोक्यात असूनही हृदयात लोह साचलेले असू शकते. मग हृदयाचा तुकडा न काढता ते ओळखावे कसे?

एमआरआयने ते साधते. स्नायूतील पाण्यात हायड्रोजनची केंद्रके असतात. प्रत्येक केंद्रक हा एक चिमुकला चुंबकच. १.५ टेस्लाच्या क्षेत्रात ही केंद्रके भोवऱ्याप्रमाणे, सेकंदाला सुमारे ६.४ कोटी वेळा डोलतात. रेडिओलहरींचा ठोका दिला की ती एका तालात येतात आणि संदेश मिळतो. ताल बिघडला की संदेश विरतो.

समजा, सीवूड्समधील एका शाळेच्या पटांगणावर कवायत चालू आहे. शिट्टी थांबली तरी मुले काही वेळ तालात चालतील. पण रांगेत जागोजागी कोणी वेगळ्याच लयीत ताशा बडवू लागले, तर रांग लवकर विस्कटेल. लोहाचे कण हेच करतात. ते आसपासचे चुंबकीय क्षेत्र किंचित बदलतात, त्यामुळे शेजारच्या केंद्रकांची गती निरनिराळी होते.

संदेश विरण्याच्या या काळाला ‘टी-टू-स्टार’ म्हणतात. एकदा श्वास रोखून धरण्याइतक्या वेळात तो मोजता येतो. १.५ टेस्लाच्या यंत्रावर तो २० मिलिसेकंदांपेक्षा कमी भरला तर हृदयात लोह साचले आहे. १० पेक्षा कमी म्हणजे धोका गंभीर. लंडनच्या संशोधकांनी २००१ मध्ये ही पद्धत मांडली. सूज आणि वण ओळखण्यासाठीही एमआरआयच्या अशाच वेगळ्या मोजण्या आहेत.

धोका वेळीच कळला तर उपाय आहे. लोह बाहेर काढणारे औषध पूर्वी तासन्‌तास सुईवाटे द्यावे लागे. १९९० च्या दशकात मुंबईच्या सिप्ला कंपनीने डिफेरिप्रोन हे तोंडाने घेण्याचे औषध भारतात आणले. हृदयातील लोह कमी करण्यास ते विशेष उपयोगी ठरले.

वर्गात होकायंत्राजवळ लोखंडी खिळा नेऊन पाहा. सुई वळते, कारण खिळ्याने तेथील क्षेत्र बदललेले असते. लोहाच्या याच गुणामुळे हृदयातील त्याचा साठा बाहेरून कळतो.