'पोचलो की फोन करतो' : टी-शर्टावरची ओळ कुणाच्या मालकीची?

परवाच्या व्हिडिओत टी-शर्टाची एक ओळ सांगितली होती, 'पोचलो की फोन करतो.' रंकाळ्यावर फिरायला निघालेल्या पंचवीस वर्षांच्या गड्याकडूनही घरचे हे वदवून घेतात. वर टोपी घाल, बाहेरचं खाऊ नको, आहेच. या अतिकाळजीची टर उडवणारा कपड्यांचा ब्रँड कोल्हापुरात चालेल का? चालेल की! पण पैसे कुठं अडकतात ते आधी बघा.

मुंबईचा 'बेवकूफ' घ्या. आयआयटीत शिकलेल्या प्रभकिरण सिंग आणि सिद्धार्थ मुनोत यांनी तो २०१२ मध्ये सुरू केला. २०२२ मध्ये आदित्य बिर्ला समूहाच्या कंपनीनं त्यात मोठा हिस्सा घेतला. माझ्या मते किंमत मिळाली ती नावाला आणि जोडलेल्या गिऱ्हाइकाला, शर्टावरच्या एकेका विनोदाला नव्हे.

कारण ओळ तुमची राहत नाही. तुम्ही 'नाद खुळा' छापलंत, तर उद्या महाद्वार रोडवर तोच शर्ट पन्नास रुपये स्वस्त लागेल. तक्रार कुणाकडं करणार? दोन-तीन शब्दांवर सहसा कॉपीराइट मिळत नाही, आणि सगळ्यांच्याच तोंडी असलेला शब्द ट्रेडमार्क म्हणून नोंदवणं अवघड. ब्रँडचं वेगळं नाव मात्र नोंदवता येतं. कपड्यांचा वर्ग २५, आणि एकट्या उद्योजकाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४,५०० रुपये. नावात शिवी नको, अश्लील म्हणून अर्ज तिथंच अडकतो.

आता स्टॉक. दहा ओळी, पाच साइज, दोन रंग, म्हणजे शंभर प्रकार झाले. प्रत्येकी पाचच नग घेतले तरी ५०० शर्ट. नगाला २०० रुपये धरा, लाख रुपये कपाटात! विनोद शिळा झाला की ते तिथंच. म्हणून साधे कोरे शर्ट भरा आणि ऑर्डर आली की डीटीएफ प्रिंट मारून घ्या. एक ओळ पडली तर कोरा शर्ट दुसरीला चालतो.

आणि टर उडवताना जपून (बघा, मीपण तेच म्हणालो!). तालमीतल्या दणकट पैलवानाच्या छातीवर 'आईला विचारून आलोय' वाचून त्याची आईसुद्धा हसेल. तीच ओळ 'आलेय' करून मुलींच्या शर्टावर टाकली, तर? जिला खरोखरच विचारल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही, तिला त्यात काय हसू येणार? छापण्याआधी अशा चार-पाच जणींना दाखवा. त्यांनी तोंड वाकडं केलं, तर ती ओळ सोडून द्या.