वाजवायचे नसलेले स्वर

पाश्चात्त्य वाद्यवृंदातील वादकासमोर संपूर्ण रचना नसते, केवळ त्याच्या वाद्यापुरते लिहिलेले पान असते. त्यामुळे बराच वेळ गप्प राहून नेमक्या क्षणी वाजवू लागायचे असेल, तर रिकामे बार, म्हणजे तालाचे विभाग, मोजत बसण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. ही मोजणी चुकू नये म्हणून त्याच्या प्रवेशाआधीच्या एकदोन बारांत, त्या वेळी वाजत असलेल्या दुसऱ्या एखाद्या वाद्याचे स्वर बारीक आकारात छापतात. त्यांना ‘क्यू नोट्स’ म्हणतात. ते सहसा वाजवायचे नसतात, कानाने ओळखायचे असतात.

अ‍ॅकॉर्डियनवादकाला त्यांची गरज विशेष भासते. चायकॉव्हस्कीच्या १८८३ मधील दुसऱ्या ऑर्केस्ट्रा स्वीटमध्ये पाच भाग असून त्यातील चार अ‍ॅकॉर्डियन्स केवळ तिसऱ्या भागात येतात. १९२५ मध्ये रंगमंचावर आलेल्या आल्बान बेर्गच्या ‘वॉत्सेक’ ऑपेरातही हे वाद्य गुत्त्यातल्या प्रसंगापुरतेच आहे. मात्र याच वाद्याच्या लेखनपद्धतीत क्यू नोट्स कुठेही टाकून चालत नाही, आणि हे वाद्य न वाजवणाऱ्या लेखनिकाच्या ते सहज लक्षात येत नाही.

प्रचलित अ‍ॅकॉर्डियनच्या डाव्या बाजूस १२० बटणे सहा ओळींत मांडलेली असतात. त्यांपैकी दोन ओळी सुट्या खर्ज स्वरांच्या, तर उरलेल्या चार मेजर, मायनर, सेव्हन्थ आणि डिमिनिश्ड या कॉर्डच्या, म्हणजे एकाच बटणाने एकदम उमटणाऱ्या स्वरसमूहांच्या असतात. रूढ लेखनात खालच्या, म्हणजे डाव्या हाताच्या, पंचरेषेवर मधल्या रेषेखाली लिहिलेला स्वर सुटा मानला जातो, तर तिच्या वरचा एकटा स्वर कॉर्डचे बटण दर्शवतो आणि कॉर्डचा प्रकार सांगणारे अक्षर सोबत लिहितात. आता बसून या वाद्याचा ‘जी’ हा स्वर क्यू म्हणून याच पंचरेषेच्या सर्वांत वरच्या घरात बारीक लिहिला, तर घाईत वाचणारा वादक तो जी मेजरचे बटण समजून दाबू शकतो, आणि जिथे शांत राहायचे तिथे जी, बी, डी असे तीन स्वर एकदम उमटतात. म्हणून क्यू वरच्या, उजव्या हाताच्या पंचरेषेवर लिहावा आणि त्याच्या डोक्यावर मूळ वाद्याचे नाव द्यावे, हेच इष्ट.

दुसरी अडचण रजिस्टरची, म्हणजे रीड्सचे संच बदलणाऱ्या कळीची, आहे. तिच्या खुणेत, दोन आडव्या रेघांनी तीन कप्पे केलेल्या वर्तुळातील ठिपके कोणते रीड्स वाजतील ते सांगतात. केवळ खालच्या कप्प्यात ठिपका असेल, तर स्वर लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली ऐकू येतात. क्यूमध्ये वादकाच्या कानावर पडणारी उंची हवी. शेजारच्या अ‍ॅकॉर्डियनच्या पानावरची ओळ जशीच्या तशी उतरवली, तर कान आणि डोळे एकमेकांशी भांडू लागतात.

संगणकावर हे काम सोपे झाले आहे, पण स्वरलेखनाच्या सर्व प्रणालींत सारखे नाही. मोफत मिळणाऱ्या म्यूझस्कोअरमध्ये मूळ ओळ दुसऱ्या ‘व्हॉइस’मध्ये, म्हणजे त्याच पंचरेषेवरील स्वतंत्र स्तरात, आणून तिचा आकार लहान करावा लागतो आणि ऐकवण्याची सोय बंद करावी लागते, वादकाचा पूर्ण आकाराचा विराम पहिल्या स्तरात तसाच राहू द्यायचा असतो, कारण गप्प बसण्याची खूण तीच. सिबेलियसमध्ये यातील बहुतेक पायऱ्या ‘पेस्ट अ‍ॅज क्यू’ या एका आज्ञेत होतात. २०१६ मध्ये आलेल्या डोरिकोची सोय याहून सरस म्हणावी लागेल, कारण तेथील क्यू मूळ ओळीशी जोडलेला राहतो आणि मूळ स्वर बदलले की तोही बदलतो. नुसती नक्कल डकवलेली असेल, तर तालमीत रचनेत केलेली दुरुस्ती क्यूपर्यंत पोहोचत नाही. अशा प्रणालीत काम करणाऱ्यांनी रचना पक्की झाल्यावरच, अगदी शेवटी, क्यू नोट्स घालाव्यात.