गाविलगडावर वाफेचा हत्ती

शनिवारची दुपार. बाहेर चिखलदऱ्याचा जुलै, म्हणजे दहा फुटांवरचं झाड दिसणार नाही असं धुकं. लॉजच्या खोलीतले दोन पलंग आम्ही भिंतीला उभे करून ठेवलेले, मधल्या जागेत प्लायवूड आणि त्यावर थर्माकोलचा डोंगर. भोवती पाच जण गुडघ्यांवर, प्रत्येकाच्या हातात मोजपट्टी. चहा घेऊन आलेला पोऱ्या दारातच थबकला. ‘साहेब, शाळेचं प्रोजेक्ट हाय का?’

प्रोजेक्टच म्हणा! पाच जणांचं मिळून वय दीडशेच्या पुढे, सोमवारी सगळ्यांना ऑफिस, आणि इथे मी एक इंच उंचीच्या लाल कोटातल्या सैनिकांना इंचाइंचाने पुढे सरकवतोय.

या खेळाला मिनिएचर वॉरगेम म्हणतात. बुद्धिबळासारखा पट नाही, घरं नाहीत. डोंगर-नाले तुम्हीच बनवायचे, सैनिक तुम्हीच रंगवायचे, चाल मोजपट्टीने मोजायची आणि नशीब फाशांवर सोडायचं. आमचा प्रकार त्यातही चमत्कारिक. राणी व्हिक्टोरियाच्या काळात वाफेची यंत्रं जरा जास्तच पुढे गेली असती तर काय झालं असतं, हा त्याचा पाया. १९८८ साली फ्रँक चॅडविक या अमेरिकन गृहस्थाने ‘स्पेस : १८८९’ हा खेळ काढला. त्यात एडिसनसाहेब १८७० मध्येच मंगळावर पोचतात, मागोमाग इंग्रज तिथेही वसाहत थाटतात. (नाही तरी त्यांना दुसरं काय येत होतं?)

या सगळ्याचे आजोबा म्हणजे एच. जी. वेल्स. होय, ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’वाले. त्यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तकच लिहिलं. घरात शिशाचे सैनिक मांडायचे आणि स्प्रिंगच्या तोफेतून एकमेकांवर गोळे मारायचे. लढायांची हौस जमिनीवर बसून भागवा, खऱ्या युद्धाच्या भानगडीत पडू नका, असा त्यांचा सूर. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं, तो भाग वेगळा. पुस्तकाच्या लांबलचक नावात त्यांनी हुशार मुलींनाही जागा दिली आहे, पण कोणत्या मुलींना? तर मुलांचे खेळ आवडणाऱ्या! आमच्या अकोल्याच्या आर्किटेक्टचा या कारणावरून वेल्सवर कायमचा राग. थर्माकोलचा गाविलगड तिनेच कापलाय.

आता गोची कुठे होते ते सांगतो. हे खेळ लिहिणारे बहुतेक गोरे, त्यामुळे टेबलाच्या एका बाजूला शिस्तीचे लाल कोट आणि दुसऱ्या बाजूला ‘नेटिव्ह’. नेटिव्हांकडे बंदुका वाईट, सेनापती त्याहून वाईट. पहिल्या वर्षी आम्ही नियम जसेच्या तसे वापरले. लढाई संपली तेव्हा आमचा वकील म्हणाला, ‘आपणच आपल्याले दुबळं करून खेळून राह्यलो बे.’ खोलीत कोणी हसलं नाही. गंमत म्हणजे वेल्सना हे शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं. १८९८ च्या त्या कादंबरीत ते सुरुवातीलाच टास्मानियाची आठवण काढतात. युरोपियनांनी तिथल्या माणसांचं जे केलं, तेच मंगळवासी इंग्लंडचं करतात. आम्ही मात्र मंगळवासी व्हायचं सोडून टास्मानियन होऊन बसलो होतो.

मग आम्ही नियम बदलले. चिठ्ठी टाकायची, ज्याच्या नावाने निघेल त्याने इंग्रज व्हायचं, आणि शस्त्रं दोघांकडे तोडीस तोड. जागा शोधायला लांब जावं लागलं नाही. लॉजपासून किल्ला हाकेच्या अंतरावर. १५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो भोसल्यांकडून घेतला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. कर्नल स्टीव्हन्सनने जड तोफा डोंगरातून ओढत उत्तरेला आणल्या आणि बाहेरची तटबंदी फोडली. तरी आतला किल्ला उभाच होता. मग कॅप्टन कॅम्पबेल थोडी माणसं घेऊन मधल्या घळीत उतरला, पलीकडच्या तटाला शिड्या लावून आत शिरला आणि दरवाजा आतून उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला.

आमच्या १८८९ मध्ये किल्ला पुन्हा भोसल्यांकडे आहे आणि मदतीला कॅप्टन नेमो. ज्यूल व्हर्नचा नेमो मुळात बुंदेलखंडचा राजपुत्र डाक्कार, हे ‘मिस्टीरियस आयलंड’ वाचलेल्यांना माहीत असेल. आम्ही त्याला उडतं गलबत दिलं.

‘काऊन बे, पुस्तकात तर नेमो मरते नं?’

‘मंग मंगळावर तरी कोण राह्यते?’

विषय संपला. इंग्रजांना मिळाला वाफेचा हत्ती, तोही व्हर्नचाच, १८८० च्या कादंबरीतला. जत्रेतला प्लास्टिकचा हत्ती, पोटात जुन्या घड्याळाची चाकं, सोंडेच्या टोकाला कापसाचा धूर.

यंदा चिठ्ठी माझी निघाली. ‘इंग्रज हायेस आज, चहा सोताच्या हातानं घे,’ इथपासून माझा छळ सुरू. समोर किल्लेदार म्हणून वकील. त्याला १८०३ तोंडपाठ. पहिल्याच चालीत त्याने घळीच्या तटावर वीस माणसं उभी केली आणि माझ्याकडे बघून हसला.

आमच्याकडे चाल पत्त्यांवर ठरते. लाल पान निघालं की इंग्रजांची एक तुकडी हलते, काळं निघालं की किल्ल्यातली. ही युक्ती लॅरी ब्रॉमच्या १९७९ च्या ‘द सोर्ड अँड द फ्लेम’मधली. खिंडार पडलं, हत्ती त्यात घुसला. नेमोच्या गलबताने वरून मारा केला, पण धुक्याचा फासा सारखा वाईट पडत होता, त्याला खालचं काही दिसेना. किल्लेदाराने तटावरची दहा माणसं काढून खिंडाराकडे पाठवली. दोन चालींनी आणखी पाच. हत्ती अडला, मोडला. वकिलाने टाळी वाजवली.

पुढची तीन पानं लाल. माझी दहा माणसं घळीत होती. चढायला प्रत्येकाला चार किंवा जास्त हवे. सहा जण वर पोचले. तटावर उरलेले पाच. मारामारी झाली, दोन इंग्रज शिल्लक राहिले. दरवाजा उघडायला दोन पुरतात.

जिंकल्यावर ओरडायची आमची पद्धत आहे. मी ओरडलो नाही. वकील बराच वेळ त्या दोन लाल ठिपक्यांकडे बघत बसला. ‘मले मालूम होतं,’ तो म्हणाला, ‘तरी काढले मी.’ लहानपणी किल्ला पडल्याची गोष्ट निघाली की आम्ही ‘कोणीतरी फितूर असंल’ म्हणून मोकळे व्हायचो. टेबलावर कोणी फितूर नव्हतं. समोर हत्ती होता आणि मागची भिंत शांत होती.

रविवारी सकाळी धुकं थोडं उठलं, तसे किल्ल्यावर गेलो. घळीच्या काठावर उभं राहून खाली बघितलं. ओला कातळ, झुडपं, तळ दिसेना. इथून कोणी वर येईल असं मला तरी वाटलं नसतं. आर्किटेक्ट म्हणाली, मी उतार फारच सोपा कापला, पुढच्या वर्षी चार नाही, पाच हवेत.

वकील तटावर हात ठेवून उभा होता. ‘पुढच्या साली इथं वीस माणसं. अन् हलवाची नाही.’

‘अन् हत्ती आला तर?’ मी विचारलं.

‘पाहू,’ तो म्हणाला आणि रबडीवाल्याकडे जायला वळला.