एक टाकला की बंद

नीटचा निकाल लागला की लातूरच्या उद्योग भवन परिसरातले फ्लेक्स बदलतात. 720 पैकी कुणाला किती पडले, ते फोटोसकट झळकतं. त्याच दिवसांत क्लासच्या आतल्या खोल्यांत आणखी एक काम चालतं: जुन्या बॅचचे आयडी बंद करणं. त्याचा फ्लेक्स लागत नाही.

नांदेडच्या एका मित्राच्या मुलीला वर्षभराच्या सराव चाचण्यांतल्या आपल्या चुका पुन्हा बघायच्या होत्या. एका सकाळी ॲप उघडेना. कळवलं कुणीच नव्हतं. हे बंद करणारं माणूस कोण, ते बघायला मी लातुरातल्या एका क्लासच्या संगणक खोलीत गेलो.

तिथं बसलेली मुलगी याच क्लासची जुनी रिपीटर निघाली. दोनदा नीट दिली, नंबर लागला नाही, मग बीएस्सी करता करता इथंच काम धरलं. चाचण्यांची प्रणाली मूडलवर चालते. पर्थच्या मार्टिन डुजियामास यांनी 2002 साली पहिली आवृत्ती काढली तेच हे फुकट सॉफ्टवेअर. काम दिसायला किरकोळ आहे. फी संपलेल्यांची यादी एक्सेलमध्ये घ्यायची, एका रकान्यात प्रत्येकापुढे 1 टाकायचा, फाइल चढवायची. शून्य टाकला की आयडी पुन्हा चालू.

“डिलीट मारायचं नसतंय, सर. सस्पेंड करायचं. डिलीट मारलं की मार्क जातेत, परत येत नाहीत. रिपीटर आला तर?”

यादी चढली की कुणी त्या क्षणी चाचणी सोडवत बसलेला असला, तरी तो बाहेर फेकला जातो. म्हणून ती हे काम रात्री उरकते. मला ही माणुसकी वाटली. क्लासच्या नियमात ती कुठं लिहिलेली नव्हती. मधेच फोन वाजला. मुखेडकडचे कुणी वडील होते. “ताई, पोराचं ॲप उघडंना गेलंय.” तिनं पलीकडच्या साहेबांकडे पाहिलं. त्यांनी फीचं रजिस्टर उघडलं.

मी सहज विचारलं, तुझा जुना आयडी?

“हाय की. सस्पेंड.” तिनं नाव टाकून दाखवलंही. फोटो, वडिलांचा मोबाइल नंबर, प्रत्येक चाचणीत 720 पैकी किती, सगळं जागच्या जागी. तिला ते ॲडमिन म्हणून दिसतं, विद्यार्थिनी म्हणून नाही. तिच्या जागी उद्या जो येईल त्यालाही दिसेल.

इथं माझी सहानुभूती आटते. रिपीटरची सोय हे कारण एखाद्या वर्षापुरतं खरं. त्यापुढे तो नुसता साठा असतो, आणि नवे प्रवेश मिळवायला फोन नंबरांचा साठा कामी येतोच. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं की ती पुसायची असते. 18 वर्षांखालच्या मुलांच्या वतीनं हा हक्क आईवडिलांचा. याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि बंधनं टप्प्याटप्प्यानं लागू व्हायची आहेत. तोवर पालकांनी एवढं करावं: बॅच संपायच्या आधी मुलांच्या उत्तरपत्रिका उतरवून घ्याव्यात, आणि क्लास सोडताना फोटो व नंबर पुसण्याचा अर्ज लेखी देऊन पोच घ्यावी.