मसाला दूध आणि लॅक्टेजची गोळी
(पोटाची गोष्ट : लेखांक ६)

मागच्या आठवड्यात आपण लॅक्टोज म्हणजे काय ते पाहिलं. दुधातली ही साखर फोडणारं लॅक्टेज हे विकर मोठेपणी अनेकांच्या आतड्यात कमी होत जातं. मग न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात आणि पोट गुबारतं. कोजागरीला नाशकात गच्चीगच्चीवर दूध आटत असताना ‘मला नको’ म्हणणं जड जातं. गोळी घेतली तर चालेल का?

चालेल, पण गोळी लॅक्टेजचीच हवी. दुकानात नुसतं ‘पचनाचं एन्झाइम’ मागितलं, तर बरेचदा डायस्टेज आणि पेप्सिन किंवा पपेन असलेलं औषध हाती पडतं. डायस्टेज पिष्ट फोडतं, बाकीची दोन प्रथिनं. लॅक्टोजला यातलं कुणीच हात लावत नाही. गंमत म्हणजे लॅक्टेज आणि डायस्टेज दोन्ही एकाच बुरशीपासून काढता येतात. जपानी रसायनज्ञ जोकिची ताकामिने यांनी १८९४ मध्ये ज्या बुरशीच्या डायस्टेजचं अमेरिकेत पेटंट घेतलं, तीच ही ॲस्परजिलस ओरायझी. म्हणून वेष्टनावर ‘लॅक्टेज’ हा शब्द शोधा आणि त्यापुढचे एफसीसी युनिट (विकराच्या ताकदीचं माप) वाचा. युरोपात गोळीचा गुण सांगायचा तर लॅक्टोज असलेल्या प्रत्येक जेवणासोबत किमान ४,५०० युनिटची अट आहे.

आता हिशेब. पेलाभर, म्हणजे २०० मिली साध्या दुधात साधारण १० ग्रॅम लॅक्टोज असतं. एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत त्रास असलेल्या बहुतेकांनाही निभतं. मसाला दूध मात्र निम्मं आटवलं, की तेवढ्याच पेल्यात २० ग्रॅम येतं! पेढ्यातला मावा तर याहून घट्ट. त्यामुळे दुसरा पेला घेताना पहिल्या गोळीवर विसंबू नये.

गोळी पहिल्या घोटाबरोबर घ्यावी. तासभर आधी घेतली तर ती दुधाच्या पुढे निघून जाते, आणि पोट बिघडल्यावर घेऊन उपयोग नाही. थेंब मिळाले तर ते गार दुधात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतात. उकळत्या दुधात विकर मरतं. थेंब घालून ठेवलेलं दूध जास्त गोड लागतं, कारण ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज मोकळे होतात. मधुमेह्यांनी लक्षात घ्यावं, साखर फुटते, नाहीशी होत नाही. दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असेल, तर ही गोळी कामाची नाही.

रोजच्या जेवणाला गोळी लागावी, असं मला वाटत नाही. विरजणातले जिवाणू लॅक्टोज थोडं संपवतात आणि स्वतःचं विकरही सोबत आणतात. चक्का टांगला की निवळीबरोबर आणखी साखर निथळते. म्हणून मिसळीनंतर पोट फुगलं, तर आधी वाटीतल्या दह्यावर संशय घेऊ नका. मटकीतल्या रॅफिनोजसारख्या शर्करा फोडायला अल्फा-गॅलॅक्टोसिडेज हे वेगळंच विकर लागतं. ते पुढच्या आठवड्यात.