हजेरीपत्रकातले तास कुठे जातात?

मित्रहो, या सभेत कारकून आहेत, कामगार आहेत, दुकानदारही आहेत. तुमच्यापैकी पुष्कळांचे हजेरीपत्रक आता एक्सेलमध्ये भरले जाते. त्यातला उभा रकाना म्हणजे कॉलम आणि रकान्यातले एकेक घर म्हणजे सेल. घरात दिसते तेच घरात असते, असे आपण धरून चालतो. पगाराच्या दिवशी ही समजूत महागात पडते.

रकमेच्या जागी ##### अशा जाळ्या दिसल्या की माणूस घाबरतो. बहुधा रकाना अरुंद असतो, एवढेच. रकान्याच्या माथ्यावर अक्षर असते, त्याच्या उजव्या कडेवर माऊसने दोनदा टिचकी मारा. रक्कम शाबूत दिसेल.

रात्रपाळीची गोष्ट मात्र निराळी. माणूस २२ वाजता येतो, सकाळी ६ ला जातो. ६ मधून २२ वजा केले की वेळ उणे येते. ती एक्सेलला सहसा दाखवता येत नाही आणि पुन्हा त्याच जाळ्या उमटतात. रकाना भिंतीएवढा केला तरी उपयोग नाही. एक्सेलच्या हिशेबी अख्खा दिवस म्हणजे १. म्हणून ‘मॉड’ हे सूत्र वापरून त्या वजाबाकीला १ ने भागावे व बाकी घ्यावी; ८ तास बरोबर निघतात.

खरा घात बेरजेत होतो. ८ तासांच्या ६ पाळ्या म्हणजे ४८ तास. पण घराचा नमुना घड्याळाचा असेल तर तिथे ०:०० दिसते, कारण घड्याळ २४ नंतर शून्यावर येते. शून्य निदान डोळ्यांत खुपते. ९ तासांच्या ६ पाळ्यांचे ५४ ऐवजी ६ दिसतात, आणि त्या साळसूद ६ कडे कोण पाहतो? ‘फॉरमॅट सेल्स’मधील ‘कस्टम’मध्ये तासांचे ‘एच’ हे अक्षर चौकोनी कंसात घाला, ५४ दिसतील. तरी मजुरी काढताना सावध असा. आत साठवलेला आकडा २.२५ दिवस आहे. ताशी १०० रुपये दराने थेट गुणाल तर ५४०० ऐवजी २२५ रुपये हाती येतील! आधी २४ ने गुणा.

आतापर्यंत आकडा लपला होता, हरवला नव्हता. बँक खात्याचा क्रमांक मात्र खरोखर हरवतो. एक्सेल संख्येचे १५ च अंक जपते. १६ अंकी क्रमांक संख्या म्हणून टाइप केला की शेवटचा अंक शून्य होतो, आणि आरंभीची शून्ये तर गळूनच पडतात. मग नमुना बदलून काही परत येत नाही. घराला आधी ‘टेक्स्ट’ हा नमुना द्यावा आणि पासबुक समोर ठेवून क्रमांक पुन्हा लिहावा.