पैनगंगेकांठची हिमनदी

नरखेड तालुक्यांत बर्फाची ओळख दोनच रूपांनीं आहे. एक सरबतांत घालावयाचा विकतचा बर्फ, आणि दुसरें संत्र्याच्या आंबिया बहारावर अवचित कोसळणाऱ्या गारा. याच तालुक्याच्या शिवेवरून वाहणाऱ्या वर्धा नदीच्या कांठानें खालीं खालीं गेलें, तर पैनगंगा तिला मिळते त्या मुलखांत एके काळीं कोसच्या कोस हिमनद्या सरकत होत्या, असें आम्ही सांगितलें तर घरांतील लहानथोर मंडळी हंसतील. परंतु गोष्ट खरी आहे, आणि तिचा दाखला दगडावर कोरलेला आहे.

अतिशीत प्रदेशांत एका वर्षाचें हिम वितळून संपण्यापूर्वींच दुसऱ्या वर्षाचें त्यावर पडतें. थरावर थर चढतात, खालच्या थरांतील हवा दडपणानें निघून जाते, आणि भुसभुशीत हिमाचा घट्ट निळसर बर्फ बनतो. त्याची जाडी पुरेशी वाढली कीं तो स्वतःच्याच भारानें उताराकडे निघतो. बर्फ तर ठिसूळ, मग तो वाहतो कसा, ही शंका रास्त आहे. वरचा तीस-चाळीस मीटर बर्फ ठिसूळच असतो व त्यास खोल भेगा पडतात. परंतु त्याखालचा बर्फ दाबानें, मळलेल्या कणकेसारखा, हळूहळू पसरतो. शिवाय तळाशीं थोडें पाणी झालें म्हणजे सगळी रास त्यावरून घसरते. स्वित्झर्लंडांत ह्यूगी यांनीं १८२७ सालीं उंटरआर हिमनदीवर एक झोपडी उभारिली. १८४१ सालीं ती मूळ जागेपासून पाऊण मैलाहून अधिक खालीं गेलेली आढळली. पुढें आगासी यांनीं त्याच हिमनदीवर आडव्या ओळीनें खुंट रोविले, तेव्हां मधले खुंट कांठच्यांहून पुढें गेले. पाण्याच्या नदीची चालहि अशीच. तेव्हां नदी हें नांव तिला उगाच पडलेलें नाहीं.

निव्वळ बर्फ कठीण खडकास झिजवूं शकत नाहीं. झिजविणारे असतात ते त्याच्या तळाशीं गोठून बसलेले दगड. फटींत पाणी गोठून खडकाचे ढलपे उचकटतात, आणि बर्फ त्यांस आपल्याबरोबर ओढीत नेतो. बारीक वाळूनें तळच्या खडकास सहाणेसारखा गुळगुळीतपणा येतो, व टोकदार खड्यांनीं त्यावर एकाच दिशेच्या सरळ रेघा ओढल्या जातात. बर्फ वितळतो तेथें, पिठासारख्या मातीपासून घराएवढ्या धोंड्यांपर्यंत आणलेला सगळा माल, तो एकत्रच टाकून देतो. पाणी जड-हलकें निवडून ठेवतें; बर्फास निवडणें ठाऊक नाहीं.

ओडिशांतील तालचेर येथें मऊ, चिखलाच्या खडकांत मोठमोठे धोंडे रुतलेले पाहून ब्लॅनफर्ड बंधूंनीं १८५६ सालीं हें बर्फाचें काम असावें असा तर्क केला. अशा उष्ण देशांत बर्फ कोठून आला, हें कोडेंच होतें. पुढें फेडन यांनीं चंद्रपूरच्या पश्चिमेस पैनगंगेकांठीं इरई गांवाजवळ (शहराजवळून वाहणारी इरई नदी ती निराळी) तशाच धोंड्यांच्या थराखालीं चुनखडकाची जणूं फरसबंदी पाहिली, आणि १८७५ सालीं ती हकीकत प्रसिद्ध केली. तो खडक घांसून गुळगुळीत झालेला होता, व त्यावर लांब समांतर रेघा होत्या. धोंडे एखाद्या महापुरानें आणले असतील, असें कोणी म्हणेल. पुराचें बळ आम्हांस ठाऊक आहे; ३० जुलै १९९१ रोजीं वर्धेच्या पुरांत एकट्या मोवाड गांवचीं दोनशेंहून अधिक माणसें गेलीं. तथापि पुरांत दगड गडगडत जातात, त्यामुळें ते सर्व बाजूंनीं वाटोळे होतात. खडकावर एका रोखानें लांब रेघ ओढावयाची, तर दगड कोणींतरी घट्ट धरून ठेवावा लागतो. तें काम बर्फाचेंच.

हें घडलें सुमारें तीस कोटि वर्षांपूर्वीं. नरखेडची काळी जमीन ज्या लाव्हाच्या खडकापासून झाली, तो अवघा साडेसहा कोटि वर्षांचा. तीस कोटि वर्षांपूर्वीं आपली भूमि दक्षिण ध्रुवाच्या बाजूस, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व दक्षिण अमेरिका यांस जोडलेली होती. त्या खंडांतहि त्याच काळच्या तशाच रेघा सांपडतात. त्या अखंड भूमीस विद्वानांनीं गोंडांच्या मुलखावरून गोंडवन हें नांव दिलें. नागपूरकरांनीं याचा थोडा अभिमान बाळगला तर बिघडत नाहीं. बर्फ ओसरल्यावर तेथील दलदलींत रानें वाढलीं, गाडलीं गेलीं, आणि त्यांचा कोळसा झाला. उमरेड, वणी व चंद्रपूर येथील खाणींतला कोळसा तोच.

आज जिवंत हिमनदी पाहावयाची तर हिमालयांत जावें लागतें. तेथें तिच्या वागण्याचा संबंध थेट माणसांच्या जिवाशीं येतो. केदारनाथाच्या वर चोराबारी हिमनदीनें टाकलेल्या दगडमातीचा बांध आहे. त्याआड सांठलेलें तळें १७ जून २०१३ रोजीं सकाळीं फुटलें, आणि त्या प्रलयांत यात्रेकरूंचा व गांवकऱ्यांचा मोठा संहार झाला. असा बांध म्हणजे न निवडतां टाकलेला ढीग. त्यांत पाणी मुरलें कीं तो ढांसळतो.

गंगोत्रीच्या हिमनदीचें मुख १९३५ सालीं ऑडेन यांनीं मोजून नोंदविलें होतें. तेव्हांपासून तें एका किलोमीटरहून अधिक मागें हटलें आहे. बर्फ मागें जात नाहीं. तो खालींच वाहत असतो. वरून येणाऱ्या बर्फापेक्षां मुखाशीं वितळणारा अधिक, म्हणून मुख मागें सरतें. अशा मागें सरलेल्या मुखापुढें जेथें मूळ खडक उघडा पडतो, तेथें पैनगंगेकांठच्या रेघांसारख्याच रेघा ताज्या दिसतात.